सलूच्या शेजारची जागा

अक्का,

तुला शेवटी आपल्या गावातच मातीआड केलं. बंद पडलेल्या दूध सोसायटीच्या मागं आपली ख्रिस्ती लोकांची मसणवट आहे ना, तिथं, याकोबदाजींच्या डाव्या अंगाला. तू सांगितलं होतंस तिथं नेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. आधी गोड बोलायचं आणि मग वाईट बातमी द्यायची, हे मला कधी जमलं नाही आणि तुलाही तसलं कधी खपलं नाही.

तुला जाऊन पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत मी तुझ्याशी रोज भांडते आहे. तू होतीस तेव्हाही आपण रोजच भांडायचो, पण तेव्हा निदान तू उलट बोलायचीस.

शब्द मी दिला होता, हे खरं. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतच टँकर सुरू झाला होता आणि आपण दोघी घागरींच्या रांगेशी बसलो होतो. गुडघे गेले म्हणून तू त्याच वर्षी ऊसतोड सोडली होतीस. तुझा लेक दानियल आणि सूनबाई तुझ्याशिवाय पहिल्यांदाच टोळीबरोबर गेले होते. तू म्हणालीस, "लिले, मी मेले तर मला हितं पुरू नका."

"मग कुठं नेऊ? दिल्लीला?" मी म्हणाले.

"सलूपाशी न्या."

सलू म्हणजे तुझी पहिली लेक, सलोमी. चार वर्षांची असताना गेली आणि जिथं गेली तिथंच, कृष्णाकाठच्या एका उसाच्या फडाच्या बांधावर पुरलेली. त्याला आता चाळीस वर्षं होत आली. आपल्या गावापासून ते शिवार इतकं लांब की एसटीच्या तीन गाड्या बदलाव्या लागतात. मला वाटलं, म्हातारपणी लेकराची आठवण दाटून आली असेल, होईल शांत. पण तू सगळं नीट विचार करून बसली होतीस.

"शेवटल्या दिवशी समदे उठतील, तवा जिथं पुरलंय तिथूनच उठतील का न्हाई?" तू विचारलंस.

"असं म्हणतात खरं."

"हितं आपल्या मसणवटीत समदे वळखीचे हायत. आई हाय, आबा हायत, दानियलचा बाप हाय. एकमेकाला हाक मारता येती. ती तिथं एकटीच उठंल बघ. चार वर्साचं लेकरू. चारी बाजूला ऊस आन् वळखीचं एक माणूस न्हाई. रडून रडून जीव जाईल तिचा."

"एकदा उठल्यावर परत जीव कसा जाईल?" मी म्हणाले.

यावर तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी मीच तुझ्या दारात येऊन म्हणाले, "बरं, नेईन." तू म्हणालीस, "बघ हं." मला तेव्हा वाटलं, हो म्हणायला काय जातंय. माझा या उठण्यावर विश्वास नव्हता, आणि ज्यावर आपला विश्वासच नाही त्याबद्दल शब्द द्यायला फार विचार करावा लागत नाही.

सलूबद्दल तू फार थोडं बोलायचीस. मला जे माहीत आहे ते चाळीस वर्षांत तुकड्यातुकड्यानं कळलेलं. सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. तिला पाचटाच्या खोपटात निजवून तू फडात गेलीस, कारण गाडी भरायची होती. दुपारी येऊन बघतेस तर तिचे डोळे आत गेलेले. मुकादमानं दवाखान्यात न्यायला सायकलवाला माणूस धाडला, पण तो पोचायच्या आत सगळं संपलं होतं. शेताच्या मालकिणीनं आपलं धुतलेलं पातळ फाडून दिलं. मालकानं बांधावरची जागा दाखवली. पाळक नव्हते म्हणून दाजींनीच प्रार्थना म्हटली आणि त्यांना ती अर्धीच येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोघं पुन्हा फडात. ती माणसं लई चांगली, असं तू नेहमी सांगायचीस आणि त्या पातळाचं तर किती वेळा सांगितलं असशील. मला मात्र त्यांच्या चांगुलपणाचाच राग यायचा. राग काढायला दुसरं कोणी सापडत नव्हतं.

आणि तो क्रूस. लाकूड कुठून आणणार, म्हणून दाजींनी उसाचाच क्रूस केला. दोन ऊस आडवेउभे घेऊन पाचटानं बांधले आणि उभा ऊस ओल्या बांधात खोल रोवला. जन्म ऊस तोडण्यात गेला, पण लावायची पाळी कधी आली नाही, अशा माणसाच्या हातूनच ही चूक व्हायची. पुढच्या हंगामात तुमची टोळी त्याच शिवारात गेली, तर तिथं उसाचं बेट उभं. काळी माती, कालव्याचं पाणी, फुटणारच. मुकादम म्हणाला, बांधावरचाही घ्या. दाजींनी कोयता खाली टाकला. तू तो उचललास.

"दुसऱ्या कुणाचा कोयता नगं लागायला, मनून मीच तोडला," हे तू मला ज्वारी निवडता निवडता सांगितलंस. तो ऊस मोळीत बांधला गेला, गाडीत भरला गेला आणि कारखान्यात गेला. कारखाना सहकारी होता. शेतकरी त्याचे सभासद, आणि तू पस्तीस-चाळीस हंगाम त्याच्यासाठी राबूनही कुणीच नाही. आयुष्यात तू दोनच ठिकाणी सभासद होतीस, आपल्या चर्चच्या मंडळीत आणि माझ्या दूध सोसायटीत. त्या बेटाच्या साखरेचा चहा कोण प्यालं असेल, असा विचार मला कधी कधी यायचा. तुला तो येत नव्हता. तुला फक्त एवढंच दिसलं होतं, की तो ऊस फुटला.

एका ईस्टरला पाळकांनी गव्हाच्या दाण्यावर प्रवचन केलं. दाणा मातीत मरतो आणि त्यातून नवं रोप येतं, आपल्या शरीराचंही तसंच होईल, असं त्यांनी चांगलं खुलवून सांगितलं. उपासना संपल्यावर तू त्यांना दारातच गाठलंस. मी तुझ्या मागं, तुझा पदर ओढत.

"पाळकसाहेब, मंग उसाचं कसं?"

"उसाचं काय, एस्तेरबाई?"

"उसाला बी पेरत न्हाईत. कांड्याची टिपरी लावत्यात. त्या टिपरीचाच डोळा फुटतो. त्यो नवा नसतो, त्योच असतो."

पाळक हसून म्हणाले, तसंही म्हणता येईल. तू हसली नाहीस. "मला नवी सलू न्हाई पायजे," तू म्हणालीस. "तीच पायजे."

मला तेव्हा लाज वाटली होती. तीस-चाळीस वर्षं रविवारी बाकावर बसून मी जेवढी प्रवचनं ऐकली, त्यातलं आज मला तुझं तेवढंच आठवतं.

माझा विश्वास का बसत नाही हे तुला ठाऊक होतं. बावीस वर्षं मी सोसायटीत दूध तपासलं. दूध हलवायचं, मापक सोडायचं, आकडा बघायचा आणि पाणी असलं तर समोरच्याच्या तोंडावर सांगायचं. तुलाही एकदा सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तू म्हणालीस, "गाईनंच पानी लई पिलं असंल." सगळं गाव हसलं, मीही हसले, पण दूध परत केलं. मला डोळ्यांनी दिसल्याशिवाय पटत नाही. देवळात मी जायचे, आईबापांची मंडळी म्हणून. गाणी म्हणायचे. कबर रिकामी सापडली, प्रभू उठला, तिथं आलं की तोंड मिटायचे. तू शेजारून कोपर मारायचीस. तेवढ्यापुरती मी खोकायचे.

तुझ्या चामखिळीवरून मात्र मला गप्प बसावं लागलं. तुझ्या हनुवटीवर ती केवढी वाढली होती. गावात आरोग्य शिबिर आलं तेव्हा मी तुला ओढतच नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाच मिनिटांचं काम आहे. तू उठून बाहेर आलीस. वाटेत मी तुला नको नको ते बोलले. शेवटी तू म्हणालीस, "सलू निजताना हिला चिमटीत धरायची. मी तवा बावीस वर्साची व्हते. केस काळे, दात समदे. आता ही असली म्हातारी उठल्यावर ती कशानं वळखंल मला?" आणि वर मलाच विचारलंस, "प्रभू उठला तवा हातावरच्या खिळ्याच्या खुणा कावून ठिवल्या त्यानं? समदं अंग बरं झालं, तेवढी भोकंच बुजवायची ऱ्हायली व्हय? वळखायसाठीच ठिवल्या त्यानं."

तुला शेवटची आंघोळ घातली तेव्हा त्या चामखिळीवरून मी दोनदा हात फिरवला.

लोक ईस्टरला नवे कपडे घालून येतात आणि सोमवारी सगळं विसरतात. तुझं तसं नव्हतं. तू तो विश्वास रोजच्या कामात वापरायचीस आणि मला नेमकी त्याचीच चीड यायची. छावणीतलं आठवतं? सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं, चारा संपला, आणि गावातली सगळी जनावरं माळावरच्या चारा छावणीत गेली. तुझी म्हातारी गाय तिथं खाली बसली ती उठेना. उपाशी जनावर एकदा बसलं की आपल्या जोरावर उठत नाही, त्याला उचलून उभं करावं लागतं. तू रोज सकाळी चार माणसं गोळा करायचीस. पोटाखालून दोर घालायचा, शेपटीला एकजण, शिंगाला एकजण, आणि तू तिच्या कानात सांगायचीस, "उठ बाय, उठ. एवढ्या बारीला उठ." नऊ दिवस ती उठली. दहाव्या दिवशी माणसं कंटाळली, दोघंच आले, आणि ती उठली नाही.

मी तेव्हा म्हणाले, "बघ अक्का, जे उठायचं नाही ते उठत नाही." गाईबद्दल बोलत नव्हते मी. तुला ते कळलं. तू दोर गुंडाळत म्हणालीस, "आपन दमलो मनून ती ऱ्हायली. त्यो दमत न्हाई."

हे मी तुला बोलायला नको होतं. माफी मागायची राहिली. तू असतीस तरी मी मागितली असती असं नाही, पण राहिली हे खरं आहे.

त्यानंतर सोसायटी बंद पडली. जनावरंच उरली नाहीत तर दूध कुठलं. मी कुलूप लावलं आणि किल्ली कनवटीला लावून चार महिने हिंडत राहिले, कोणी मागायला आलंच नाही.

आता तुझ्या मातीचं सांगते. तू मार्चमध्ये गेलीस, सकाळी, चूल पेटवायच्या आधी, अंथरुणातच. त्रास झाला नसावा. गाव रिकामं होतं. हातपाय धड असलेला प्रत्येक माणूस तोडीला गेलेला. खड्डा खणायला चार म्हातारे, त्यातल्या एकाला दम्याचा त्रास. जमीन इतकी वाळलेली की पहार मारली की नुसता आवाज यायचा आणि बोटभर माती निघायची. सकाळी दहाला सुरू केलं, चार वाजेपर्यंत खड्डा कमरेइतकाही झाला नाही. मग ते चौघं खाली बसले आणि पाळक म्हणाले, चालेल. पेटी उचलायला माणसं कमी पडली म्हणून एका बाजूला मी खांदा दिला, दुसऱ्या बाजूला शेजारची कमल. तुला एवढ्या उथळ जागी ठेवलं, याचंही मला वाईट वाटतं.

पाळकांना मी सांगितलं होतं, अक्काला कृष्णाकाठी न्यायचं होतं म्हणून. ते म्हणाले, "लीलाबाई, परक्याच्या शेतात पुरू कोण देणार? एवढं लांब, या उन्हात कसं नेणार? देव चारी दिशांनी आपली माणसं गोळा करणार आहे. त्याला सापडत नाही असं कुणी नसतं." त्यांचं बोलणं वावगं नव्हतं. मी मान हलवली. फार लवकर हलवली, अक्का. एक फोन केला नाही, एक गाडी विचारली नाही.

खरं कारण ऊन नव्हतं. मला तू जवळ पाहिजे होतीस. नवरा गेला, लेकरू झालं नाही, सोसायटीला कुलूप. सकाळी उठून दहा पावलं चालून बसायला कुठंतरी जागा हवी होती. त्या चार वर्षांच्या पोरीच्या वाटची आई मी स्वतःकडं ठेवून घेतली. मनाची समजूत काय घातली, तर उठणं वगैरे काही नसतंच, मग तिचं कुठं काय अडणार आहे.

दानियल दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. मातीपाशी उभा राहिला, रडला, मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मावशे, आईला सलूकडं न्यायचं व्हतं ना?"

तू त्यालाही सांगितलं होतंस हे मला ठाऊक नव्हतं. मी त्याला पाळकांचं उत्तर दिलं. परक्याच्या शेतात कोण पुरू देतंय, म्हणाले.

"मी इचारलं व्हतं त्या शेतमालकांना," तो म्हणाला. "दिवाळी झाल्यावर त्याच भागात व्हती आमची टोळी. त्यांनी हो मनलंय. आईला सांगितलं व्हतं मी फोनवर. लई खूस झालती."

मग तू मला का नाही सांगितलंस? मला वाटतं, तुला सांगायची गरज वाटली नसेल. मी शब्द दिला होता ना.

आता हलवू या का, असं मी दानियलला विचारलं. तो म्हणाला, "आता नगं मावशे. एकदा निजवलंय तिला." त्यानं मला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझी जी दशा आहे ती ऐकून तुला हसू येईल. विश्वास नसलेल्या बाईला काळजी नसावी. पण तुझा विश्वास तू बरोबर घेऊन गेलीस आणि तुझी काळजी तेवढी माझ्या गळ्यात टाकून गेलीस. भाकरी थापताना मला ती पोरगी दिसते. उसात उभी. तुला हाक मारते आहे आणि तू तीन गाड्या लांब, याकोबदाजींच्या शेजारी. मी स्वतःला सांगते, लीला, असं काही होणार नाही, माती ती माती. मग लगेच दुसरं मन म्हणतं, आणि झालं तर?

ईस्टरच्या पहाटे सगळी मंडळी मसणवटीत गाणी म्हणायला जाते. या वर्षी मी गेले नाही. शनिवारीच एसटी धरली. केज, बार्शी, सांगली. रविवारी सकाळी दानियलनं सांगितलेल्या खुणेनं त्या शिवारात पोचले. आपल्याकडं विहिरींचे तळ दिसतात आणि तिथं कालवा भरून वाहत होता. कारखाना बंद होऊन पंधरा दिवस झाले होते. तोडलेल्या फडात खोडवा गुडघाभर फुटला होता. मला त्या हिरव्या रंगाकडं बघवलं नाही.

घरातून पन्नाशीची एक बाई बाहेर आली. मालकिणीची सून. "कुणाकडं आलायसा?" तिनं विचारलं. मी दानियलचं नाव सांगितलं. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिनं मला पाणी दिलं आणि चपला घालून माझ्यापुढं चालू लागली.

बांधाच्या कोपऱ्यावर खाटेएवढ्या दोन जागा सोडलेल्या होत्या. एकीवर दगड रचलेले. दुसरी मोकळी, तण काढून साफ केलेली. बाई म्हणाली, "सासूबाईंनी मरेपतूर हितं नांगर घालू दिला न्हाई. आमाला बी सांगून गेल्या, त्या पोरीच्या अंगावरनं औत न्हेऊ नगा. आन् तुमचा दानियल येऊन गेल्यावर आमच्या मालकांनी ही शेजारची जागा बी काढून ठेवली." मग तिनं अगदी सहज विचारलं, "आईस्नी कवा आणताय?"

मी म्हणाले, "गेली. महिना झाला. गावाकडंच पुरलं."

ती म्हणाली, "च्या टाकते," आणि घराकडं वळली.

अक्का, त्या माणसांचा मी चाळीस वर्षं राग केला. त्यांनी तुझ्या लेकीसाठी पातळ फाडलं, तिच्या अंगावरून चाळीस वर्षं नांगर जाऊ दिला नाही, आणि तुझ्यासाठी जागा साफ करून ठेवली. मी तुझी सख्खी बहीण, मी काय केलं ते वर सांगितलंच. त्या बाईचे हात धरून काही बोलावं असं फार वाटलं, पण ती गेली होती.

मी त्या मोकळ्या जागेवर बसले. तुझ्या जागेवर. पलीकडं दगडांखाली सलू. आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून मी बोलायला लागले. प्रार्थना मला कधी धड आली नाही, म्हणून तिच्याशीच बोलले.

"सलू, मी लिलामावशी. तुझ्या आईची बहीण. तू मला वळखत न्हाईस, तू लई ल्हान व्हतीस. तुझी आई हितं येणार व्हती. ती न्हाई आली. तिची चूक न्हाई, माझी हाय. आता नीट ऐक. तू उठलीस ना, की त्या घरातल्या बाईकडं जायचं. चांगली हाय ती. तिला मनायचं, मला सांगलीच्या गाडीत बशिव. सांगलीला उतरून बार्शीची गाडी. बार्शीला उतरून केजची. केजला आली की कुणालाबी इचार, युसूफ वडगावच्या वाटंवर दूध सोसायटीचं बंद पडलेलं गोदाम कुठं हाय. त्याच्या मागं..."

इथं माझ्या लक्षात आलं की मी चार वर्षांच्या पोरीला एसटी बदलायला सांगते आहे. तिला पाटी वाचता येत नाही. बार्शीच्या स्टँडवर तर मीच चुकले होते. आणि त्या दिवशी सगळंच जग उठून बसलेलं असेल, त्या गर्दीत तिचं कोण ऐकणार. मग बाजारात, जत्रेत कुठलीही बाई आपल्या लेकराला जे सांगते, तेच माझ्या तोंडून निघालं.

"नगं. कुठं जाऊ नगं, सलू. हितंच थांब. रडू नगं. आई येती तुला न्यायला."

बोलून गेले आणि मग कळलं, मी काय बोलले ते.

अक्का, माझा अजूनही विश्वास नाही. आपली मसणवट मी रोज बघते. जमीन दगडासारखी आहे आणि तू तिच्यात हललेली नाहीस. तुझ्या बाबतीत एक शब्द दिला होता, तो मोडला. पण हा दुसरा मी लेकराला दिला आहे, तिच्या उशाशी बसून, तुझ्या वतीनं, आणि तो पाळणं माझ्या हातात नाही. ती आता तिथून हलायची नाही. तुला उठावं लागेल.